टेकडीवरच्या शेतातले दगड

आमच्या बॅलीनाकारात ‘वर गेला’ म्हणजे मेला नव्हे. त्याहून वाईट. वर म्हणजे टेकडीवरच्या गरीबघरात. दुष्काळात बटाटा कुजला तेव्हा घरंच्या घरं वर गेली. फाटकातच बाप एकीकडे, आई दुसरीकडे, पोरं तिसरीकडे झाली आणि त्यातली बहुतेक मागच्या शेतात पुरली गेली. पुढे सरकार बदललं, पाटी बदलली, नन आल्या, म्हाताऱ्यांचं इस्पितळ झालं. तरी आजही इथे कुणाला त्याच्या आजोबांबद्दल विचारून बघा, गडी लगेच पावसाबद्दल बोलायला लागतो!

डीलिया टूही तिथल्या धोबीखान्यात कामाला होती. पन्नाशी उलटलेली, हात सोड्याने सोललेले, जीभ मात्र शाबूत. नन मंडळींच्या चादरींवरून ती असं काही बोलायची की हसून हसून पोट दुखावं. गावाला तिने सांगून ठेवलं होतं, आपण लांबच्या गॉलवे शहराकडच्या. साफ खोटं! ती जन्मली होती वरच, त्याच इमारतीत, आणि तिची आई ऑनर मागच्या शेतात पुरलेली होती. हे ठाऊक होतं एकट्या मलाकीला, जुन्या कबर खणणाऱ्याला. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

जाण्याआधी मलाकी तिच्या गळ्यात एक काम घालून गेला. गरीबघराचे सगळे कागद यादवीच्या काळात जळून खाक झाले होते. कोण कुठे पुरलंय हे सांगणारे आता फक्त दगड. गरिबाच्या कबरीवर नाव कोण कोरणार? म्हणून मलाकी, आणि त्याआधी त्याचा बाप, ओळखू येईल असा एकेक दगड निवडून डोक्याशी रोवायचे. वाकड्या नाकाचा दगड म्हणजे थेडी मॅनियन. लाल ठिपक्यांचा म्हणजे साबिना कॉस्टेलो आणि तिचं तान्हं. ऑनरचा करडा, मधोमध पांढरा पट्टा असलेला. डीलियाला लिहिता यायचं ते सहीपुरतं, तेव्हा सगळं डोक्यातच. दर नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, ती दगडादगडाशी थांबून नाव म्हणायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, “चादरी वाळत घालायला जागा बघतेय.” आमच्याकडच्या भर पावसाच्या नोव्हेंबरात! पण कुणी खोदून विचारलं नाही. त्या शेताबद्दल खोदून विचारायची पद्धतच नव्हती.

मग १९५४ साल उजाडलं, पोपने जाहीर केलेलं मरियामातेचं वर्ष. सगळ्या देशाला मूर्ती उभारायचं वेड लागलं होतं, आम्ही कसे मागे राहू? फादर लाव्हेल चर्चमध्ये म्हणाले, “आपणही मातेच्या मूर्तीसाठी गुहा बांधायची. पण विकतच्या विटांची नको. आपल्या मातीतल्या दगडांची.” सगळ्यांनी माना डोलावल्या. डीलियाच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

सोमवारी ती चादरींची टोपली घेऊन बाहेर आली, तर थेडीच्या दगडावर चुन्याचा ठिपका. साबिनाच्या दगडावरही. तिने एप्रनने पुसून काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके, एक रांग पुढे. मग आणखी एक. कुंपणापाशी एक रिकामी ट्रॉली येऊन उभी राहिली. दिवसचे दिवस नुसतीच उभी. डीलिया कपडे पिळायची, खिडकीतून ट्रॉलीकडे बघायची. एका सकाळी ऑनरच्या पांढऱ्या पट्ट्यावरही ठिपका होता.

मुकादम पॅकी गिलडे पाइप ओढत कुंपणावर बसला होता. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

“हे काय चाललंय रे, पॅकी?”

“गुहा, डीलिया, गुहा! इतके चांगले दगड फुकट पडलेत. का, त्यांनाही नीळ घालणार होतीस?”

“थट्टा नको. कबरींवरचे आहेत ते.”

पॅकीने पाइप तोंडातून काढला. “कुणाच्या कबरी? तुझं आहे का कुणी तिथे?”

हो म्हणायचं होतं. एवढंच! पण हो म्हटलं की गॉलवे संपलं, आणि उद्यापासून दुकानात, चर्चमध्ये, पाठीमागून कुजबुज: वरची आहे ती.

“माझं कोण असणार?” ती म्हणाली. “मी गॉलवेची.”

“माझंही कुणी नाही,” पॅकी पटकन म्हणाला. “गावात कुणाचंच नाही. मग शेत साफ झालेलं बरं, नाही का?”

तो बसला होता त्याच्या मागेच एक चपटा काळा दगड होता. बार्टली गिलडेचा. पॅकीचा सख्खा आजा. पॅकीला ते ठाऊक होतं की नव्हतं? मला विचाराल तर होतं.

ती फादरकडेही गेली. “दुसरीकडचे दगड नाही का चालणार, फादर?”

“अगं, त्या गरिबांच्या उशाचे दगड मातेच्या पायाशी जाणार! याहून मोठा मान तो कुठला? आणि तू का एवढी कासावीस होतेस, बाळ?”

मातेच्या विरोधात बोलायची छाती कुणाची आहे? डीलिया दाराकडे वळली. “सहज विचारलं, फादर.” घरी जाऊन ती ढसाढसा रडली. भित्री मेली मी, म्हणाली स्वतःला. आणि होतीच ती भित्री. आम्ही सगळेच होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरायला लागली. धोबीखान्यात दगड पडल्याचा एकेक आवाज ऐकू येत होता. डीलियाने मान वर केली नाही, इस्त्री फिरवत राहिली, एक उशीची खोळ जाळली. संध्याकाळी शेत सपाट, हिरवंगार. मधलं हॉथॉर्नचं झाड तेवढं उभं होतं. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, परीलोकाचा कोप होतो ना! मेलेल्यांच्या कोपाची भीती कुणाला नव्हती. आई नक्की कुठे आहे, हे डीलियाला आता स्वतःलाही दाखवता येईना.

पंधरा ऑगस्टला, मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुहेला आशीर्वाद द्यायचा होता. अख्खं गाव ठेवणीतल्या कपड्यांत गुडघे टेकून बसलं. फादर मातेचं एकेक नाव घेत होते, लोक मागून म्हणत होते, “आमच्यासाठी विनंती कर.” तेवढ्यात डीलिया उठली आणि सरळ गुहेपाशी गेली. भक्तीचा उमाळा आला असेल म्हणून फादर थांबले.

तिने वाकड्या नाकाच्या दगडावर हात ठेवला. “थेडी मॅनियन.”

“आमच्यासाठी विनंती कर,” लोक म्हणाले. सवयच ती.

“साबिना कॉस्टेलो. आणि तिचं तान्हं.”

“आमच्यासाठी विनंती कर.” आता काही माना वर झाल्या.

ती एकेका दगडाशी थांबत, नाव घेत राहिली. उत्तरं विरळ होत गेली. मग तिचा हात चपट्या काळ्या दगडावर आला. “बार्टली गिलडे.”

“आमच्यासाठी विनं–” पुढच्या रांगेतून पॅकीचा खणखणीत आवाज निघाला आणि मधेच तुटला. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

डीलिया आता चाचपडत होती. पांढऱ्या पट्ट्याचा अर्धा तुकडा डाव्या बाजूला सापडला. उरलेला अर्धा पार उजव्या टोकाला. बसत नाही म्हणून गवंड्याने फोडला होता. तिने दोन्ही हात पसरून पाहिले, पण एकदम दोन्हीकडे पोचेनात.

“ऑनर टूही,” ती मोठ्याने म्हणाली. “माझी आई. वर मेली.”

मागून एकही आवाज आला नाही. कुणीतरी खोकलं. मग फादरनी घाईघाईने मातेचं पुढचं नाव घेतलं आणि सगळं गाव सुटल्यासारखं एका दमात ओरडलं, “आमच्यासाठी विनंती कर!”

त्या गलक्यात डीलिया डाव्या तुकड्यावर कपाळ टेकून उभी राहिली आणि आईच्या नावामागचं राहिलेलं उत्तर तिने एकटीनेच दिलं.