चाकामागचा बर्फ

चार जाड चाकांची क्वाड बाईक बर्फातून फिरवून आणली की लगेच धुवावी लागते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ तिला चिकटतं आणि लोखंड गंजतं. कॅनडात आल्यापासून हे काम श्रीधरचं, माझ्या नवऱ्याचं. मी कधी धुतलीच, तर तो येऊन चाकांच्या आत बोटं फिरवायचा. "हे कोण धुणार, तुझी आई?" मीही तोडीस तोड उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षापासून त्याला विस्मरणाचा आजार आहे. तो शाल गुंडाळून गॅरेजमध्ये खुर्चीवर बसतो आणि मी धुते. हँडब्रेक मोकळा ठेवते, कारण ओला ब्रेक लावून ठेवला तर गोठतो. तेही त्याच्याच ओरडण्यातून शिकले. माणूस विसरू लागला की आधी त्याची भांडणं जातात, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज मागच्या चाकाच्या आत मळक्या बर्फाचा गोळा मी मुद्दाम तसाच ठेवला. श्रीधरला हात धरून तिथे नेलं. त्याने वाकून पाहिलं, गोळ्याला बोटही लावलं. मी उत्तर तयार ठेवून उभी होते.

"छान धुतलीस गं," तो म्हणाला.

त्याला आत बसवून आले, गोळा काढला आणि चाक पुन्हा धुतलं.