खटकचिंचोळीचा लोडर

अप्पा दुसरा लोडर घेणार आहेत, हे मला अक्कांकडून कळलं. आमच्या दुसऱ्या ऑपरेटरला मात्र खुद्द अप्पांनी सांगितलं होतं. माझं पोट दुखायला लागलं ते तिथूनच.

अप्पा म्हणजे आमचे मालक. कोळारच्या औद्योगिक भागात त्यांचं लहानसं यार्ड आहे. कारखान्यांतली बॉयलरची राख उचलायची, गोदामांतला भुसा ओढायचा, ही आमची कामं. सातवीत शाळा सोडून, गोदाकाठचं गाव सोडून मी फिरत फिरत इथं कानडी मुलखात आलो, तेव्हा अप्पांनी पाठ टेकायला जागा दिली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ताटात भाकरी वाढली. आणि यार्डातल्या छोट्या लोडरवर बसवून अप्पांनी स्वतः मला चालवायला शिकवलं. त्या मशीनला स्टिअरिंग नसतं. दोन दांड्या असतात; डावी दांडी डावी चाकं फिरवते, उजवी उजवी. "बैलाचे कासरे समज," अप्पा म्हणाले, आणि एका दुपारीत मला ते समजलं. त्या दुपारीवर माझं सगळं उभं आहे. म्हणूनच भीती वाटत राहते. ज्यानं दिलं तो काढूनही घेऊ शकतो.

तो, आमचा दुसरा ऑपरेटर, सहा महिन्यांपूर्वी आला. कडगंचीकडचा, डिप्लोमा झालेला, खोदाईची मोठी मशीनं चालवलेला. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला 'अण्णा' म्हणायचा. तेसुद्धा मला खुपायचं. अप्पांशी तो कन्नडमध्ये बोलायचा. माझं कन्नड 'जेवलात का'च्या पुढं कधी गेलं नाही. दोघं हसले की वाटायचं, माझ्यावरच हसायलेत. एकदा न राहवून विचारलं, "कामून हसायलात अप्पा?"

"अरे, ह्याच्या घरच्या म्हशीचं बोलायलाव."

म्हशीचं! म्हशीवर एवढं कोण हसतं?

आमच्या यार्डाची एक रीत आहे. नवं मशीन ज्याच्या हातानं फाटकातून आत येतं, ते त्याचं. मग दुसऱ्यानं त्यावर बसायचं नाही. जुना लोडर माझा होता, पण तो आता थकलेला, जागोजागी तेल गाळणारा. नवा आला की जुना मोडीत जाणार, असं आमची राख वाहणारा लॉरीवाला सहज बोलून गेला होता. म्हणजे नवा त्याच्या हातानं आत आला, तर माझ्या हातात काय? फावडं?

लोडर वापरलेलाच होता. खटकचिंचोळीत एका रस्त्याच्या ठेकेदाराकडं तो बाभळीखाली उभा होता. आम्ही तिघं लॉरीवाल्याला घेऊन गेलो. मी वाकून पुढची बकेट हलवून पाहिली, तिच्या सांध्यांतल्या पिना फारशा झिजल्या नव्हत्या. म्हणालो, "अप्पा, पिना चांगल्या हायत." अप्पा "हं" म्हणाले. थोड्या वेळानं त्यानंही बकेट हलवली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. अप्पांनी चांगली तीनदा मान डोलावली. तो तेच म्हणाला असणार, दुसरं काय म्हणणार?

सौदा झाला. कागदांवर सह्या करायला अप्पा ठेकेदाराच्या घरात गेले. जाताना म्हणाले, "चढवून ठेवा." म्हणाले आम्हा दोघांना, किल्ली दिली त्याच्या हातात.

लॉरीवाल्यानं आणि मी लॉरीच्या मागं चढाव म्हणून दोन लोखंडी चॅनेल लावले. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या छोट्या लोडरचं इंजिन मागं असतं. बकेट रिकामी असली की सगळं वजन शेपटाकडं. म्हणून तो चढावर उलटाच न्यायचा, शेपूट पुढं करून. सरळ नेला तर तोंड वर उठतं. अप्पांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच, शिव्या घालून शिकवलं. माझ्या लोडरवर तो कधी बसला नव्हता, त्याला ते ठाऊक नव्हतं. मोठी मशीनं सरळ चढतात, त्याच्या हाताला तीच सवय. त्यानं लोडरचं तोंड चॅनेलसमोर आणलं. 'उलटा घे' एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते.

त्यानं आतून विचारलंसुद्धा, "अण्णा, बराबर हाय ना?"

मी म्हणालो, "चॅनेल सरळ हायत."

चॅनेल सरळ होते. मी खोटं बोललो नाही.

अर्ध्या चढावर पुढची चाकं सुटली. बकेट आभाळाकडं गेली आणि मशीन शेपटावर बसलं. त्याचा चेहरा मला केबिनच्या जाळीतून दिसला. माणूस एवढा पांढरा पडलेला मी पाहिला नव्हता. मग मात्र माझा आवाज फुटला. "दांड्या सोड! बकेट खाली घे, हळू! बेल्ट सोडू नको!" बकेट खाली आली तसं तोंडही आलं, धाडकन. मी म्हणेन तसा तो इंच इंच मागं उतरला. मागची जाळी चेपली, एक दिवा फुटला. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

आवाज ऐकून अप्पा चप्पल न घालताच पळत आले. तो खाली उतरून म्हणाला, आणि मराठीत म्हणाला, "अप्पा, माझी चूक. अण्णा होते म्हणून वाचलो."

अप्पांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग चेपलेल्या शेपटाकडं, मग माझ्याकडं.

"तुला ठाऊक होतं की."

"व्हय."

"मग?"

 वाटलं, आता म्हणतील, गावाकडं जा. अप्पा एवढंच म्हणाले, "चढव." मी उलटा घेऊन चढवला. तरी दोनदा चाक कडेला गेलं.

कोळारला फाटकाबाहेर मीच लोडर उतरवला. अक्का विभूती घेऊन उभ्या होत्या. माझ्या मनात वेडी आशा होतीच, आज वाचवलंय तर आत आणायला मलाच सांगतील. अप्पांनी किल्ली त्याला दिली. मला म्हणाले, "तू पुढं उभं ऱ्हा, ह्याला हातानं वाट दाखव. आन् उद्यापास्नं ह्याला शिकव. मी तुला शिकिवलं तसं."

मी उलट्या पावलांनी चाललो, हात हलवत, आणि तो नजर न काढता माझ्या हातांकडं बघत फाटकातून आत आला. अक्कांनी आधी मशीनला विभूती लावली, मग त्याला, मग मला. हा क्रमही मी मोजला.

जुन्या लोडरचं काय करणार, हे अप्पांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पण शिकवायला गेलो, तेव्हा थोडं शिकवायचं, थोडं राखून ठेवायचं असं ठरवून गेलो होतो. तो आत बसला, मी बाहेर जाळी धरून उभा राहिलो. एखादी गोष्ट राखायला गेलो की तो पांढरा चेहराच दिसायचा. मग तीही सांगायचो. दुपारपर्यंत मी सगळं सांगून बसलो. ओल्या राखेत चाक कसं घसरतं, ढीग कुठल्या बाजूनं फोडायचा, अप्पांनी मला कधी न सांगितलेलं, माझं मी शोधलेलंसुद्धा. आणि त्याला ते एका दुपारीत जमलं. मला लागला होता तेवढाच वेळ. निदान दोन दिवस तरी लागायला हवे होते.