पाहुण्यांसाठी राखलेलं पाणी

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोक लोणार पाहतात, शेगावला दर्शन घेतात आणि परततात. माझं दोन्ही करून झालं होतं. या खेपेला डोक्यात खारपाण पट्टा होता, म्हणजे पूर्णेकाठचा तो सपाट मुलूख, जिथे विहिरीलाही खारंच पाणी लागतं. मैत्रिणींना विचारलं, तर ‘पाणी बघायला कोण जातं?’ म्हणून सगळ्यांनी हात झटकले. निघाले एकटीच.

नाशिकहून नांदुऱ्याला रेल्वे सोयीची. नाश्ता स्टेशनबाहेरच उरकून घ्या, पुढे हॉटेलांची बोंब आहे. पुढची काळीपिवळी जीप भरली की सुटते, म्हणजे बराच वेळ सुटत नाही.

“मॅडम, कोणाकडे जाऊन राह्यल्या?” ड्रायव्हरनं विचारलं.

“कोणाकडेच नाही.”

त्याला माझी कीव आली असावी. त्यानं मला खिडकीजवळची जागा दिली. बाहेर कपाशी, मग तूर, मग पुन्हा कपाशी. एकटीनं फिरण्याचे फायदे मी या ब्लॉगवर भरपूर ऐकवलेत. पण ‘ते बघ’ म्हणायला शेजारी कोणी नसलं की मला रडू येतं, हेही आज सांगून टाकते.

पूर्णेकाठच्या एका गावात उतरले. तिथे ग्रामपंचायतीजवळ शुद्ध पाण्याचं मशीन आहे. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. मी फोटो काढत होते, तेवढ्यात भरलेल्या कॅनशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली.

“काव माय, जरा हात लावतं काय?”

या पंचफुलाबाई. पायांवर सूज, घरात एकट्याच. थांबत थांबत आम्ही दोघींनी कॅन घरी नेली. त्यांनी मला त्यातलं पाणी तांब्याभर दिलं आणि स्वतःसाठी माठात पेला बुडवला. मी माठातलं चाखून पाहिलं. खारट, घशाशी कडवट.

“मावशी, हे पिता तुम्ही?”

“हाव. मशीनचं पाव्हण्यासाठी असते. आलेल्या माणसाले खारं पाणी कसं द्यावं?”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हंतात, मशीनचंच पेत जा, नाही त मालकासारखी तुयीबी किडनी जाईन. पण कॅन उचलाले घरात माणूस पायजे. रोज कोणाले म्हनू?”

मी म्हटलं, कळशी न्या. पण मशीन वीस लिटर सोडल्याशिवाय थांबत नाही आणि उरलेलं पाणी मातीत जाऊ देणं त्यांना जमणारं नव्हतं.

“पाहुणे बरेच येतात का?”

“दिवाळीनंतर तूच.”

मी हट्टाला पेटले. म्हटलं, पाहुणी एकटी पाणी पिणार नाही. नाइलाजानं त्यांनी अर्धा पेला घेतला आणि तोंड वाकडं केलं. “फिकं लागते वं!” मग ज्वारीची भाकरी आणि ठेचा झाला. पैसे विचारले तर रागावल्या. निघताना मी शेजारच्या मोटरसायकलवाल्याला गळ घातली आणि दर आठवड्याला कॅन पोचवायचं त्यानं कबूल केलं. प्रश्न सुटला, अशा थाटात मी परतीच्या गाडीत बसले.

नाशिकला येऊन कुलूप उघडलं. घर गप्प होतं. निघताना पंचफुलाबाईंचा नंबर घेतला होता, त्यावर चार दिवसांनी फोन केला. कॅन पोचली होती. पण पाहुणं कोणी आलं नाही, म्हणून झाकण उघडलंच नव्हतं. मला राग आला, आणि वाईटही फार वाटलं.

आता रोज संध्याकाळी मी फोन लावते. “फोन आला म्हंजे पाव्हणीच आली,” असं म्हणत त्या कॅनमधून पेला भरतात. इकडे मीही भरते. दिवसभरात मी कुणाशी बोलले असेन तर तेवढंच. त्यांच्या घोटांचा आवाज ऐकून मी फोन ठेवते. उरलेला दिवसभर त्या कोणतं पाणी पितात, ते मला माहीत आहे.