दोन तासांचा शटडाऊन

बातमी आली तेव्हा मी नवं पत्रक छापायला टाकून छापखान्याच्या दारात चहा पीत होतो. "शंकरकाका गेले," धाकटा भाऊ एवढंच म्हणाला. सबस्टेशनात भाजल्यापासून आठ दिवस काका दवाखान्यात झुंजत होते... त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला. चौकशीच्या कागदावर लिहिलंय, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. खोटं आहे ते. साफ खोटं.

शंकरकाका माझे चुलते, शिवाजी पेठेतले, सारी नोकरी सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून काढलेली. तिथल्या वीज तोडणाऱ्या एका जुन्या ब्रेकरच्या बाटलीवर त्यांचा संशय होता. ही चिनीमातीची बंद बाटली, आत हवा नाही. वीज तोडताना आतले दोन तुकडे विलग होतात, ठिणगीनं त्यांच्या धातूची वाफ होते आणि ती हळूहळू चिनीमातीला आतून चिकटत जाते. मग वीज अडवणारी भिंतच वीज वाहून न्यायला लागते. सबस्टेशनच्या साहेबांचा हुकूम मात्र एकच, बाहेरून फडकं मारा. दसऱ्याला पूजेला मी गेलतो. पॅनेल उघडून झेंडूचा हार घातला, बाटली पांढरीशुभ्र. काका हसले, "कंदिलाची काच बाहेरनं पुसून उजेड पडतोय व्हय? काजळी आत हाय, पोरा."

तपासणीसाठी वीज बंद ठेवायला त्यांनी दोन तासांचा शटडाऊन मागितला. मंजूरही झाला. पण भारनियमनानं पेठ पेटलेली, त्यात आमच्या आंदोलनाचं पत्रक निघालं : 'आता एक मिनिटही वीज तोडू देणार नाही!' मजकूर माझा. साहेबांनी तेच पत्रक नाचवत शटडाऊन रद्द केला. काका घरी आले नि म्हणाले, "झ्याक लिवतोस की रं..." मी खूश! टोमणा कळलाच नाही. पंधरवड्यात वीज तोडायला काकांनी ब्रेकर उघडला, बाटलीनं आतून दगा दिला, वीज तुटली नाही, पॅनेल फुटलं.

निष्काळजीपणा कुणाचा? साहेबांचा. आणि माझा. हेही छापा त्या चौकशीच्या कागदावर.

परवा उरलेल्या बाटल्या तपासायला एकदाचा दुपारचा शटडाऊन घेतला. गल्लीतली पोरं माझ्याकडं आली, "आज गप का, पुढारी? काढ की पत्रक!" मी उठून काकीकडं जाऊन बसलो. पंखा थांबला तशी काकी उठली. लाइट गेली की काकांना बोलावणं यायचं, ते चपला घालेपर्यंत ती डबा बांधायची. तिनं भाकरी ठेवली, झाकण दाबलं आणि डबा हातात घेऊन दाराकडं बघत उभी राहिली...