कागदावरचा माळी

कुकरची शिट्टी झाली की बबनमामा उठून उभे राहायचे. ताटावर असले तरी. उष्ट्या हातानंच दारात जायचे, नळाचा रबरी पाईप उचलायचे आणि कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला लागायचे. नळाला पाणी नसलं तरी पाईप धरून उभे! आमच्या दौंडात दिवसभर इंजिनांचे भोंगे वाजतात, त्यांना मामा ढिम्म हलायचे नाहीत. त्यांना उठवायला कुकरसारखी बारीक शिट्टीच लागायची. "मामा, भात शिजलाय, आग नाही लागली," असं मी चिडवायचे. ते हसायचे, पण पाईप खाली ठेवायचे नाहीत. ते झाड शेवटी पाण्यानंच कुजलं, तरी मामा तिथं पाईप धरून उभे राहायचेच.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. माझं लग्न दौंडातच झालं आणि त्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. वेल्डिंगचा हात असा की त्यांनी केलेल्या फाटकाचा जोड शोधून सापडायचा नाही. तरुणपणी काही वर्षं आखातात काढून आले होते. तिथलं काही विचारलं की म्हणायचे, "ऊन लई हाय तिकडं," आणि विषय संपवायचे. बोलायला बसले तर तास तास बोलणारा माणूस, पण या एका गोष्टीवर कुलूप.

आणखी एक खोड होती. कुणाचीही ओळख करून दिली की विचारायचे, "कामाचं कळलं. कागदावर कोण हाय?" माझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचा बाप कौतुकानं सांगत होता, मुलगा शिक्रापूरच्या कंपनीत सुपरवायझर आहे म्हणून. मामा भर मांडवात म्हणाले, "काम सुपरवायझरचं व्हय, पन कागदावर कोण?" सगळा मांडव हसला. मुलाचा बाप तेवढा हसला नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं!

आमचे हे कुरकुंभला कंत्राटात वेल्डर होते. कायम करतो, कायम करतो म्हणत कंत्राटदार बदलत गेले, हे तिथंच राहिले. शेवटी शिरूरच्या एका एजंटाकडून आखातातलं काम ठरवून आले. घरात पेढे वाटले. मग एके दिवशी दुपारी व्हिसा फोनवर आला. मामा ओट्यावरच बसले होते. ह्यांनी कौतुकानं फोन पुढं केला. मामांनी चष्मा लावला, एकेक अक्षर बोटानं सरकवलं आणि विचारलं, "जावईबापू, ह्ये क्लीनर काय लिव्हलंय?"

"ते नुसतं नावाला, मामा. वेल्डरचे व्हिसे संपलेत म्हणे. तिकडं गेल्यावर बदलून देतात."

"मला बी ह्येच सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "मी माळी व्हतो."

मला आधी हसूच आलं. बबनमामा आणि माळी! पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू तिथंच विरलं.

"पगार माळ्याचा, काम वेल्डरचं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तपासनीसाची गाडी फाटकावर आली की फोरमन शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की आमी तेलाच्या उंच टाकीवरनं उतरायचं आन् झाडाला पानी घालत हुबं ऱ्हायचं. वेल्डर म्हनून घावला की गुन्हा आपला, कंपनीचा न्हाई. रवानगी थेट घरी. इलियास म्हनून बिहारचा व्हता, माझ्या खोलीतला. पोरगं माझ्याहून झ्याक जोड मारायचं. त्या दिवशी मी खाली व्हतो, त्यो टाकीवर. शिट्टी झाली. घाईत त्यानं, पडू नये म्हनून बांधत्यात त्या पट्ट्याचा हुक काढला."

मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"तपासनीसानं मला इचारलं, ह्यो कोण? मी म्हनलो, आमच्यातलाच, माळी. वर कशाला गेलता? म्हनलो, म्हाईत न्हाई. पाईप हातातच व्हता, वैशे. पानी चालूच व्हतं."

"आणि त्याच्या घरच्यांना काही पैसे मिळाले?"

"माळी झाडावरनं पडला तर मिळतं. टाकीवरनं पडला तर त्यो तिथं कशाला गेला, असं इचारत्यात."

त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागं लागले. जाऊ नका म्हणून भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. ह्यांचं एकच, "मामांचे दिवस वेगळे होते. आणि इथं कंत्राटात सडून काय होणार आहे ते सांग." बॅग भरली. शेंगदाण्याची चटणी भरली, ठेचा भरला.

निघायच्या दिवशी मामा आले. एरवी जावयासमोर ते फार बोलत नसत. त्या दिवशी ह्यांचा दंडच धरला. "जावईबापू, येक ऐका. शिट्टी झाली तरी घाईनं उतरू नका. घावलात तर घावू द्या. हुक काढू नका. धरलं तर घरी तरी धाडत्यात." ह्यांनी हो हो म्हटलं. मामांनी तेच पुन्हा सांगितलं. रिक्षा सुरू झाल्यावर पुन्हा ओरडून सांगितलं.

थंडीत मामा गेले. बारीक ताप होता, खाटेवर पडून होते. मामीनं खिचडी लावली होती. शिट्टी झाली. मामा उठले नाहीत. मामीनं आतूनच हाक मारली, "अहो, आज न्हाई का पानी घालायचं?" दुसरी शिट्टी झाली तशी ती हातातला पेला टाकून बाहेर धावली.

मी ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. कामावरच होते, पाठीमागं नुसतं आभाळ दिसत होतं. मामा गेले म्हटल्यावर त्यांचा चेहरा वाकडा झाला, डोळे भरले. काहीतरी बोलणार तोच मागून शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबलचक. ह्यांचे डोळे एकदम कोरडे झाले. "ठेवतो," म्हणाले आणि पडदा काळा झाला.

संध्याकाळपर्यंत मी अन्नाला शिवले नाही. फोन आला तेव्हा आधी विचारलं, "शिट्टी कसली होती?"

"जेवणाची सुट्टी."

"आणि हातात काय घेतलं?"

ह्यांनी आधी मामीची चौकशी केली. मग म्हणाले, "झाडू."

"हुक?"

"सावकाश काढला गं. मामांची आठवण झाली."

व्हिसा अजून बदललेला नाही. पुढच्या महिन्यात बदलतील, असं हे दर महिन्याला सांगतात. मामीनं कुकर वापरणं सोडलंय, भात पातेल्यात करते. माझ्या घरात मात्र कुकर लागतो. शिट्टी झाली की मी हातातलं काम टाकते आणि ह्यांना फोन लावते.