बिनविरोध
फिनेलचा वास आला की मुलीच्या हडपसरच्या शाळेतली ती पालकसभा आठवते. सभेपुरता वर्ग फिनेलने पुसून घेतला होता. शाळेच्या समितीवर पालकांची एक जागा रिकामी होती आणि नाक्यावरचे एक दुकानदार निवडून आल्याच्या थाटात पुढच्या बाकावर बसले होते. मी उभी राहिले. म्हटलं, "मीही उमेदवार आहे. मुलींच्या संडासाला कडी नाही, ती मला बसवून घ्यायची आहे." मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आपल्याकडे निवड नेहमी बिनविरोध होते." "चालेल की," मी म्हणाले, "यांना माघार घ्यायला सांगा." मागच्या बाकांवरच्या बायका हसल्या आणि मग त्यांचे हात वर गेले. परवा त्याच शाळेत मतदानाला गेले होते, तेव्हा आत जाऊन कडी लावून पाहिली. अजून घट्ट लागते.