अरुणकुमारांचा आग्रह

कतारमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या पंगतीत अरुणकुमार भामरे श्रीखंड घेऊन आले की लोक पानावर आडवा हात धरायचे, आणि त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. "एवढ्याने काय होतंय" म्हणत ते मनगटाच्या बाजूने वाढून मोकळे व्हायचे. माणूस सटाण्याचा, आवाजाने मोठा, मनाने मऊ. मेसईदच्या खत कारखान्यात जहाजांवर माल चढवून घ्यायचं त्यांचं काम. पाहुणा अर्धपोटी उठला तर चार दिवस घरात तोच विषय असतो, असं त्यांची बायको सुनीती वैतागून सांगायची.

त्या वर्षीच्या गणपतीत मात्र त्यांनी वाढायला नकार दिला. मी अगोचरपणे चेष्टा केली, काय हो, हात आखडला वाटतं? तेव्हा मला बाजूला नेऊन त्यांनी जे सांगितलं, ते हे.

साल २०११. फुटबॉलच्या विश्वचषकाचं यजमानपद कतारला मिळून वर्षही झालं नव्हतं आणि आम्ही सगळे कुठल्या कंपनीला कुठलं स्टेडियम मिळणार यात गुंग होतो. त्या रमजानच्या तोंडावर सोमालियात दुष्काळ जाहीर झाला. तिथे यादवी चाललेली, धान्य पोचवायला माणसं मिळत नव्हती. दोह्यातल्या एका मदतसंस्थेला बंदरावर माल उतरवून घेणारा जाणकार हवा होता. अरुणकुमारांनी सुट्टी टाकली. सुनीतीने अबोला धरला, पण बॅगेत तुपाची बरणी भरलीच.

राजधानी मोगादिशूत नाक्यानाक्यावर बंदूकवाले पोती मागायचे. अरुणकुमार हुज्जत घालत, हातापाया पडत ट्रक दुष्काळग्रस्तांच्या छावणीपर्यंत नेत. छावणीतली नर्स खतिजा सोमाली, पण दोह्याच्या इस्पितळात काम करून हिंदी शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की इथल्या मुलांना पोटभर काही द्यायचं नाही. मोजून कपभर औषधी दूध, तेही थोड्या थोड्या वेळाने. फार उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न झेपत नाही, जीव जातो. अरुणकुमारांनी मान डोलावली होती.

जैतून नावाच्या बाईचा चारेक वर्षांचा मुलगा दूध संपलं की कप चाटत बसायचा आणि यांच्याकडे बघायचा. यांना ते बघवेना. एका दुपारी खतिजा दुसऱ्या तंबूत गेलेली असताना त्यांनी स्टोव्हवर खिमट शिजवलं. मऊ तांदूळ, मूगडाळ, वर घरचं तूप. आपल्याकडे दात न आलेल्या बाळाला देतात ते, त्याने कसलं बाधतंय? पोराला मांडीवर घेऊन त्यांनी मराठीतच चिऊचा घास, काऊचा घास करत भरवलं. पोर आधी हपापून खात होतं. मग त्याने मान फिरवली. तेव्हा यांनी आईच्या नावाचा आणखी एक भरवला.

संध्याकाळी मुलाला धाप लागली, पावलं सुजली. काय दिलंत, असं खतिजाने विचारलं आणि यांनी सांगून टाकलं. ती रागावली नाही. येत होतं तेवढं सगळं करून ती त्याच्या उशाशी बसून राहिली. उजाडता उजाडता मुलगा गेला.

कुणी विचारलं असतं तर दुष्काळाने गेला असंच म्हणता आलं असतं. पण अरुणकुमार हट्टाने खतिजाला घेऊन जैतूनकडे गेले आणि शब्दन् शब्द तिच्या भाषेत सांगायला लावला. त्यांना शिव्या हव्या होत्या. तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

जैतूनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. मग यांचा उजवा हात हातात घेऊन ती हळूच काहीतरी बोलली आणि खतिजाने ते हिंदीत सांगितलं.

"माझी आधीची दोघं वाटेत भूक भूक करत गेली. हा एकटा 'आता नको' म्हणून गेला. देव तुझ्या घरी काही कमी पडू न देवो."